हटकले म्हणजे गुन्हा ठरला असे नव्हे

वाचकाचे पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी डोंबिवलीला राहतो, एका सहकारी बँकेत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी मुंबईत कॅमेरा घेऊन हिंडतो. गेल्या रविवारी संध्याकाळी उपनगरी रेल्वेच्या एका स्थानकातील पादचारी पुलावर मी आणि माझी मावसबहीण फोटो काढत उभे होतो. रेल्वे सुरक्षा बलाच्या एका जवानाने येऊन विचारले, 'कोणाच्या परवानगीने चालले आहे हे?' मी म्हटले, 'परवानगी कशाला लागते?' त्यावर तो आम्हा दोघांना चौकीत घेऊन गेला. तिथे तासभर बसवून ठेवले, आधार कार्डांचे फोटो घेतले, माझा मोबाईल उघडून चाळला आणि कॅमेऱ्यातले त्या दिवसाचे सगळे फोटो माझ्याच हाताने डिलीट करायला लावले. कागद कसलाच दिला नाही. वडील म्हणतात, कॅमेरा परत मिळाला हेच नशीब समज आणि हा नाद सोड. लंडनचा मित्र म्हणतो, इकडे असे कोणी विचारत नाही. ओळखीचा एक जण 'प्रेस'चे कार्ड काढून देतो म्हणतो. त्या जवानाला हा अधिकार होता का? आणि पुढच्या वेळी मी काय करावे?"

उत्तर:

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक तातडीची गोष्ट सांगतो. त्या दिवशीचे मेमरी कार्ड अजून कॅमेऱ्यात असेल तर ते आत्ताच बाहेर काढा आणि त्यावर यापुढे एकही फोटो काढू नका. डिलीट केल्याने कार्डावरील यादीतली फक्त नोंद जाते. मूळ फोटो त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत बहुधा शाबूत राहतात आणि 'फोटोरेक'सारख्या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅमने ते परत मिळवता येतात. मिळालेले फोटो त्याच कार्डावर न साठवता संगणकाच्या डिस्कवर साठवा. हे फोटो परत आणावेत असे मी केवळ तुमच्या हौसेखातर म्हणत नाही. पुढे तक्रार करायची ठरली, तर तुम्ही पुलावरून नेमके काय टिपत होता हे दाखवणारा दुसरा पुरावा तुमच्यापाशी नाही.

आता कायदा. सार्वजनिक जागी फोटो काढण्यास सरसकट मनाई करणारा कायदा भारतात नाही. फोटो काढणे हा अभिव्यक्तीचाच भाग आहे आणि संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) चे संरक्षण त्याला आहे. त्यावर निर्बंध घालायचा तर तो कायद्याने घातलेला आणि वाजवी असावा लागतो, कोणा अधिकाऱ्याच्या मनाला वाटले एवढ्याने तो लागू होत नाही. पोलिसांच्या आणि सुरक्षारक्षकांच्या तोंडी ज्या कायद्याचे नाव वारंवार येते तो १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. त्यातील 'प्रतिबंधित जागा' या व्याख्येत संरक्षण दलांच्या आस्थापना थेट येतात. रेल्वे, रस्ता किंवा पाणी-विजेची केंद्रे मात्र केंद्र सरकारने राजपत्रात तसे जाहीर केले असेल आणि त्या अधिसूचनेची प्रत इंग्रजीत व स्थानिक भाषेत त्या जागी लावलेली असेल, तरच प्रतिबंधित ठरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तर पोलीस ठाणेसुद्धा या व्याख्येत बसत नाही असे म्हटले आणि ठाण्यात चित्रीकरण केल्याबद्दल या कायद्याखाली नोंदलेला गुन्हा रद्द केला. ज्या फलाटावरून रोज लाखो माणसे ये-जा करतात आणि जिथे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला मोबाईल आहे, तिथे शासकीय गुपित शोधणे कठीणच म्हणायचे.

पण एवढ्यावरून तुमची बाजू पूर्ण भक्कम झाली असे समजू नका. रेल्वे स्थानक सर्वांसाठी खुले असले तरी ती रेल्वेची मालमत्ता आहे आणि रस्त्यावर असलेली मोकळीक तिथे तेवढ्या प्रमाणात नसते. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये फोटो काढणे हा वेगळा गुन्हा नाही, परंतु त्याचे कलम १४७ विनापरवाना प्रवेश करणाऱ्यालाच नव्हे, तर रीतसर आत येऊन जागेचा गैरवापर करणाऱ्याला किंवा सांगूनही बाहेर न जाणाऱ्यालाही लागू होते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून मी तुम्हाला आधी विचारीन, की त्या वेळी तुमच्याकडे तिकीट होते का? पत्रात तुम्ही ते लिहिलेले नाही. दहा रुपयांचे फलाट तिकीट दोन तास चालते आणि ते खिशात नसेल तर फोटोचा मुद्दा निघण्याआधीच तुमची बाजू लंगडी पडते. तो पूल कोणाचा होता हेही पाहा. स्थानकाच्या आतला पूल रेल्वेचा असतो आणि तिथे तिकीट लागते. रुळांवरून पूर्व-पश्चिम जाणारे काही पूल आणि स्कायवॉक मात्र महापालिकेचे किंवा एमएमआरडीएचे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे) असतात, तिथे उभे राहायला तिकीट लागत नाही. मुंबईत हे दोन्ही पूल पुष्कळदा एकमेकांना जोडलेले असतात आणि एकाची हद्द संपून दुसऱ्याची कुठे सुरू होते हे तिथल्या फेरीवाल्यालाच ठाऊक असते.

आता त्या जवानाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. २००६ च्या जुलैमध्ये लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले, २००८ च्या नोव्हेंबरमध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर गोळीबार झाला, आणि त्या हल्ल्याच्या आधी डेव्हिड हेडली या माणसाने मुंबईत येऊन हल्ल्याच्या ठिकाणांचे व्हिडिओ चित्रीकरण केले होते, हे पुढे न्यायालयातील त्याच्याच जबाबांतून समोर आले. पर्यटकासारखा दिसणारा, हातात कॅमेरा असलेला माणूस टेहळणी करत असू शकतो ही शंका या शहरातील सुरक्षा दलांच्या मनात तेव्हापासून आहे आणि ती हवेतून आलेली नाही. टर्मिनसवरील गोळीबाराच्या रात्री तिथेच सेबॅस्टियन डिसूझा या वृत्तछायाचित्रकाराने काढलेले हल्लेखोर कसाबचे छायाचित्र खटल्यात पुरावा म्हणून उपयोगी पडले, हेही तितकेच खरे आहे. परंतु चौकीतल्या जवानाला प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवली जाते, दुसरी नाही. शिवाय २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेल्यापासून पुलावर थांबून राहणारा कोणीही, मग तो फोटो काढणारा असो वा मोबाईलवर बोलणारा, त्यांच्या दृष्टीने अडथळाच असतो. तुम्ही संध्याकाळच्या गर्दीत तिथे उभे होता. 'इथे थांबू नका, पुढे चला' एवढेच त्याने म्हटले असते तर ते सर्वस्वी योग्य होते आणि ते तुम्ही ऐकायलाच हवे होते.

म्हणून 'कोणाच्या परवानगीने' या प्रश्नावर 'परवानगी कशाला लागते' हे तुमचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने फारसे चुकीचे नसले, तरी त्या जागी निरुपयोगी होते. हटकणाऱ्याला त्या क्षणी कायद्यावरचा वाद नको असतो. हा माणूस कोण आहे, याचा हेतू काय आहे आणि याला सोडल्याबद्दल उद्या आपल्यालाच जाब द्यावा लागणार नाही ना, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. त्याला ते आधी देऊन टाका. कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्या, लेन्सला टोपी लावा, दोन्ही हात दिसू द्या आणि सरळ सांगा: 'नमस्कार साहेब. मी डोंबिवलीला राहतो, बँकेत नोकरी करतो, फोटो काढण्याची हौस आहे. हे माझे ओळखपत्र, हे तिकीट. फलाटावरच्या उन्हाचे फोटो काढत होतो, हवे तर दाखवतो. इथे मनाई असेल तर लगेच निघतो.' रेल्वे सुरक्षा बलाचे पुष्कळसे जवान महाराष्ट्राबाहेरचे असतात, तेव्हा हेच हिंदीत म्हणायची तयारी ठेवा. तिथे मराठीचा आग्रह धरण्याची ती वेळ नव्हे. दहापैकी नऊ वेळा प्रकरण एवढ्यावर मिटते असे मी म्हणणार नाही, कारण असा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण ज्या प्रसंगांत प्रकरण चिघळले त्यांतील बहुतेकांची सुरुवात पहिल्या दोन वाक्यांच्या सुरातून झालेली मी पाहिली आहे.

चौकशीला उत्तर देणे ही एक गोष्ट झाली आणि चौकीत जाऊन बसणे ही दुसरी. 'जरा चौकीत चला' या वाक्यात विनंती किती आणि हुकूम किती हे मुद्दाम संदिग्ध ठेवलेले असते, आणि ती संदिग्धता तुम्ही एका शांत प्रश्नाने दूर करू शकता: 'साहेब, मला ताब्यात घेतले आहे का, की मी जाऊ शकतो?' ताब्यात घेतले असेल तर कारण सांगणे बंधनकारक आहे. तो संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेला हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो आहे, शिवाय अटक केल्यास नातेवाइकाला कळवण्याचे बंधन आणि अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसेल अशी पट्टी असण्याची अटही आहे. मात्र याच संहितेच्या कलम १७२ नुसार पोलिसाची कायदेशीर सूचना न पाळणाऱ्याला तो ताब्यात घेऊ शकतो आणि किरकोळ प्रकरणात चोवीस तासांच्या आत सोडून देऊ शकतो, हेही लक्षात असू द्या. म्हणजे 'पुढे चला' म्हटल्यावर अडून बसण्याने तुम्ही स्वतःहून त्या कलमात शिरता.

समोर कोण आहे हे ओळखण्यालाही महत्त्व आहे. रेल्वे सुरक्षा बल हे केंद्राचे दल आहे आणि त्याचे अधिकार मुख्यतः रेल्वेच्या मालमत्तेपुरते व रेल्वे अधिनियमातील गुन्ह्यांपुरते आहेत. स्थानकात चोरी, मारामारी यांसारखा गुन्हा घडला तर तो नोंदवून तपास करणारे लोहमार्ग पोलीस हे राज्याचे पोलीस आहेत. दोघांचे गणवेश खाकी, दोघांच्या चौक्या एकाच फलाटावर, त्यामुळे प्रवाशाची गल्लत होते. मॉलमधील किंवा सोसायटीच्या दारावरील खासगी रक्षक तर पोलीसच नव्हे. तो मालकाच्या वतीने 'आमच्या जागेत फोटो काढू नका, बाहेर जा' एवढे म्हणू शकतो आणि ते तुम्ही ऐकावे, पण झडती घेण्याचा किंवा कॅमेरा काढून घेण्याचा अधिकार त्याला नाही.

तुमच्या मावसबहिणीला चौकीत नेले, त्याविषयी वेगळे लिहितो. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर पोलीस स्त्रीला तिच्या राहत्या घराशिवाय अन्यत्र बोलावू शकत नाहीत आणि सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करण्यावर कडक बंधने आहेत. त्या संध्याकाळी तिथे महिला कर्मचारी होती का, हे तक्रारीत अवश्य लिहा.

आता मूळ मुद्दा, फोटो डिलीट करायला लावण्याचा. माझे मत इथे ठाम आहे. जागेवर उभे राहून फोटो डिलीट करायला लावण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने पोलिसांना किंवा रेल्वे सुरक्षा बलाला दिलेला नाही. तर्क अगदी साधा आहे. तुमचे फोटो गुन्ह्याशी संबंधित असतील तर ते पुरावा आहेत, आणि पुरावा नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मग तो पुरावा अधिकाऱ्यानेच नष्ट करायला लावणे ही तर उलटी गंगा झाली. आणि ते गुन्ह्याशी संबंधित नसतील, तर ते तुमची मालमत्ता आहेत आणि त्यांना हात लावण्याचे कारणच उरत नाही. खरोखर संशय असेल तर कायद्यात त्यासाठी मार्ग आहे: वस्तू रीतसर जप्त करायची, पंचनामा करायचा, जप्तीचे चित्रीकरण करायचे, यादी करून सह्या घ्यायच्या आणि न्यायालयाला कळवायचे. हा मार्ग कष्टाचा आहे आणि त्यात अधिकाऱ्याला स्वतःचे नाव कागदावर घालावे लागते. म्हणूनच 'डिलीट करून टाक आणि जा' ही सोपी तडजोड पुढे केली जाते, आणि घरी जाण्याच्या घाईत असलेला माणूस ती मान्य करतो. तुम्ही ती केलीत याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. तासभर चौकीत बसलेल्या माणसाने, बरोबर बहीण असताना, तत्त्वाची लढाई लढावी अशी अपेक्षा ठेवणे सोपे असते, विशेषतः खुर्चीत बसून उत्तर लिहिणाऱ्याला.

पुढच्या वेळी मात्र एवढे म्हणून पाहा: 'साहेब, फोटो आक्षेपार्ह वाटत असतील तर कार्ड जप्त करा आणि मला पावती द्या. मी डिलीट करणार नाही, कारण उद्या तुम्हीच विचाराल की काय डिलीट केलेस.' हे हसतमुखाने आणि आवाज न चढवता म्हणता आले तर पुष्कळदा समोरचाच विचारात पडतो. तरीही तो अडून राहिला, धमकावू लागला किंवा कॅमेऱ्याला हात घालू लागला, तर झटापट करू नका. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळ वापरल्याचे कलम १३२ आणि त्याच्या कामात अडथळा आणल्याचे कलम २२१, ही दोन्ही भारतीय न्याय संहितेत आहेत आणि फोटो काढण्याच्या निमित्ताने खरा गुन्हा नोंदला जातो तो बहुधा यांचाच. अशा वेळी डिलीट करून बाहेर पडा, कार्ड बदला आणि घरी येऊन वर सांगितल्याप्रमाणे फोटो परत मिळवा. दोन कार्डांची सोय असलेला कॅमेरा तुमच्याकडे असेल तर दुसऱ्या कार्डावर प्रत साठत राहील अशी मांडणी आधीच करून ठेवा.

मोबाईलबाबत याहून अधिक सावध राहावे असे मला वाटते. कॅमेऱ्यातले फोटो स्वतःहून दाखवणे हा पुष्कळदा सुटकेचा सर्वांत जवळचा रस्ता असतो आणि त्यात माझ्या मते कमीपणा नाही. मोबाईलमध्ये मात्र तुमचे बँकेचे व्यवहार आहेत, नोकरीतील ग्राहकांचे निरोप आहेत, घरच्यांचे फोटो आहेत. लॉक उघडून तो परक्याच्या हातात देणे म्हणजे पुलावरच्या फोटोंचा खुलासा करणे नव्हे. मागितल्यास 'काय पाहायचे ते सांगा, मी दाखवतो' म्हणा आणि फोन स्वतःच्या हातात ठेवा. तरीही फोनच हवा असेल तर तो कोणत्या कलमाखाली हवा ते लेखी मागा. बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारे कुलूप अशा हौशी भटकंतीच्या दिवशी बंद करून आकडी संकेतांक ठेवलेला बरा.

'प्रेस'च्या कार्डाचा विषय दोन वाक्यांत संपवतो. ते घेऊ नका. शासनाची अधिस्वीकृतिपत्रिका, म्हणजे पत्रकार असल्याचे शासनमान्य कार्ड, माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून पत्रकारितेच्या कामावरून मिळते, पैसे मोजून नाही, आणि विकत घेतलेले कार्ड दाखवून तुम्ही आत्तापर्यंत न केलेला एक खोटेपणा स्वतःच्या नावावर जमा कराल. त्यापेक्षा बँकेचे ओळखपत्र आणि स्वतःच्या कामाचे पाच-सहा छापील फोटो पिशवीत ठेवा. हा माणूस काय करतो हे त्या छापील फोटोंवरून जितक्या लवकर कळते तितके कोणत्याही कार्डावरून कळत नाही.

काही जागा मात्र अशा आहेत की जिथे मी तुम्हाला हक्काची भाषा वापरूच नका असे सांगेन. मुंबईत नौदलाची गोदी आणि शहीद भगतसिंग मार्गावरील तिचे लायन गेट, ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, पुणे आणि खडकीच्या छावणी भागातील लष्करी कार्यालये व दारूगोळा कारखाना, तारापूरचे अणुवीज केंद्र या जागा त्यांत मोडतात. पुण्याचे लोहगाव विमानतळ हवाई दलाचे आहे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे, हे तिथे उतरणाऱ्या पुष्कळ प्रवाशांच्या लक्षातही येत नाही. विमानतळांवरील छायाचित्रणाला १९३७ च्या विमान नियमांतील नियम १३ चे निर्बंध आहेतच. शासकीय गुपिते अधिनियमाखालील संरक्षणविषयक गुन्ह्याला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्या खटल्यात निर्दोष सुटेपर्यंत गेलेली वर्षे कोणी परत देत नाही. गेटवेला उभे राहून तुम्ही समुद्राकडे कॅमेरा रोखता तेव्हा चौकटीच्या कडेला युद्धनौका येत असेल तर कॅमेरा थोडा वळवा. ड्रोन तर मुंबईत परवानगीशिवाय उडवूच नका. २०२१ चे ड्रोन नियम आणि पोलीस आयुक्तांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश या दोन्हींत तुम्ही सापडाल.

याउलट पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांबाबत परिस्थिती पूर्वीपेक्षा सैल आहे. अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील कबरीची जागा वगळता केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या आवारात छायाचित्रणाला मुभा असल्याचे खात्याने २०१८ च्या जुलैमध्येच जाहीर केले. तरीही रायगडावर किंवा घारापुरीत तुम्ही तिपाई उघडलीत की रखवालदार धावत येतो, आणि तो चुकत नाही, कारण तिपाई व कृत्रिम प्रकाश यांसाठी आगाऊ परवानगी लागते. रेल्वेतही तसेच आहे. चित्रपट, जाहिरात, लग्नाआधीचे फोटो अशा व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी आणि शुल्क लागते, आणि जाडजूड लेन्स किंवा तिपाई दिसली की समोरच्याला तुम्ही त्या वर्गातले वाटता. लहान कॅमेरा आणि एकच लेन्स घेऊन निघालात तर निम्मी चौकशी टळते.

एक बाजू तुमच्या पत्रात आलेली नाही, पण ती मला सोडवत नाही. फलाटावर तुम्ही टिपत होता ती गर्दी माणसांची होती. त्यांपैकी एखाद्या बाईने किंवा मुलाच्या आईने 'माझा फोटो का काढलात, तो काढून टाका' असे म्हटले, तर वर लिहिलेले सगळे हक्क बाजूला ठेवून मी तो फोटो तिच्या समोर डिलीट करीन. सार्वजनिक जागी सहज आलेल्या चेहऱ्याचा फोटो हा बहुतेक वेळा गुन्हा नसतो. स्त्रीच्या खासगी क्षणाचे चित्रण, पाठलाग किंवा मुलांच्या बाबतीतले गैरप्रकार यांना कडक कायदे आहेत, ती वेगळी गोष्ट. पण इथे प्रश्न कायद्याचा नाहीच. गणवेशातील माणूस राज्याच्या वतीने बोलतो आणि त्याला कलम दाखवावे लागते. ज्याचा चेहरा आहे त्याने कलम दाखवण्याची गरज नाही. रस्त्यावर फोटो काढणारे पुष्कळ जण हे नेमके उलट करतात, हवालदारापुढे वाकतात आणि भाजीवालीशी हुज्जत घालतात.

तुमच्या लंडनच्या मित्राला एवढेच सांगा, की तिथेही विचारत होते. दहशतवादविरोधी कायदा २००० च्या कलम ४४ खाली कारण न देता कोणालाही थांबवून झडती घेण्याचा अधिकार तिथल्या पोलिसांना होता, सगळे लंडन त्या कलमाखाली वर्षानुवर्षे ठेवले गेले होते आणि छायाचित्रकारांना त्याचा विशेष त्रास झाला. जानेवारी २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते कलम हक्कांचा भंग करणारे ठरवले, त्याच महिन्यात ट्रफाल्गर चौकात कॅमेरे घेऊन छायाचित्रकार जमले, आणि पुढे २०१२ च्या कायद्याने त्याची जागा अधिक मर्यादित तरतुदीने घेतली. लंडनच्या पोलिसांनी छायाचित्रणाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि झडतीत फोटो डिलीट करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला नाही हे त्यांत स्पष्ट लिहिले. असे एक पानी परिपत्रक आपल्या पोलीस महासंचालकांनी आणि रेल्वे बोर्डाने काढले तर तुमच्या जवानाचाही तासभर वाचेल.

तुमच्या वडिलांची काळजी रास्त आहे, त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. नाद सोडू नका, आणि झाले ते गिळूनही बसू नका. आठवते आहे तोवर दिवस, वेळ, पुलाचे टोक, जवानाच्या पट्टीवरचे नाव, चौकीतील संभाषण हे सगळे लिहून काढा. मग दोन कागद करा. पहिला कागद तक्रारीचा, रेल्वेच्या त्या विभागाच्या सुरक्षा आयुक्तांच्या नावे. त्यात पुलावरील आणि चौकीबाहेरील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची विनंती पहिल्याच परिच्छेदात करा, कारण हे चित्रण काही काळाने आपोआप पुसले जाते. दुसरा कागद माहिती अधिकाराचा. रेल्वे केंद्राची असल्याने हा अर्ज दहा रुपये भरून ऑनलाइन करता येतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यात 'मला का अडवले' असे विचारू नका, कारण 'का' या प्रश्नाला उत्तर देण्याचे बंधन त्या कायद्यात नाही. 'त्या स्थानकात हौशी छायाचित्रणाला मनाई करणाऱ्या आदेशाची प्रत द्यावी', 'त्या दिवशीच्या चौकीच्या दैनंदिनीतील आमच्याविषयीच्या नोंदीची प्रत द्यावी' आणि 'प्रवाशाचा मोबाईल तपासण्याविषयीच्या सूचनांची प्रत द्यावी', असे तीन मुद्दे पुरेत. नोंद सापडली तर तुम्हाला नेल्याचा कागद मिळेल, आणि नोंद नाही असे उत्तर आले तर नोंद न करता दोघांना तासभर बसवून ठेवल्याचा कागद मिळेल. कोणी समन्स किंवा नोटीस पाठवलीच तर उत्तर देण्याआधी वकिलाला भेटा. तुमच्या मावसबहिणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळू शकते, त्याची दूरध्वनी सेवा १५१०० या क्रमांकावर आहे. तक्रारीत जवानाला शिक्षा व्हावी अशी मागणी करण्याऐवजी डिलीट करण्याचा आदेश कोणत्या नियमाने दिला याचा लेखी खुलासा मागा, आणि तक्रारीवर तुमच्याबरोबर तिचीही सही घ्या, कारण चौकीत जे घडले त्याला तीच एक साक्षीदार आहे.